भागधारक कोण? जोसेफ चेंबरलेन आणि बर्मिंगहॅमचा गॅस

१३ जानेवारी १८७४. बर्मिंगहॅमच्या कौन्सिलची सभा. महापौर होऊन जेमतेम दोन महिने झालेला सदतीस वर्षांचा एक कारखानदार उठतो आणि ठराव मांडतो की गावात गॅस पुरवणाऱ्या दोन्ही खाजगी कंपन्या नगरपालिकेने विकत घ्याव्यात. अंदाजे किंमत २० लाख पौंडांच्या घरात. आधीच्या पिढीत गटाराच्या एकेका कामासाठी पैसे सोडताना खळखळ करणाऱ्या कौन्सिलपुढे हा आकडा ठेवलेला आहे. मतं मोजली जातात: बाजूने ५४, विरोधात २.

हे मतदान कसं घडलं आणि त्यातून पुढे काय झालं, एवढंच इथे मांडायचं आहे. जोसेफ चेंबरलेनचं आयुष्य लांबलचक आणि वादग्रस्त आहे. लोक त्याला ओळखतात ते एका डोळ्यावरच्या भिंगामुळे, कोटाला खोचलेल्या ऑर्किडमुळे, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धामुळे, नाहीतर पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेनचा बाप म्हणून. मला मात्र तो सर्वांत मोठा वाटतो तो महापौरपदाच्या तीनेक वर्षांत. नगरपालिका म्हणजे काय, तिने काय करावं आणि काय करू नये, या वादात आपण आजही अडकलेलो आहोत. त्या वादातले बरेचसे प्रश्न या माणसाने दीडशे वर्षांपूर्वी हाताला चटके बसेपर्यंत हाताळले होते.

स्क्रूचा धंदा

चेंबरलेन मूळचा बर्मिंगहॅमचा नव्हे. जन्म ८ जुलै १८३६, लंडनच्या कॅम्बरवेलमधला. घरचा जोड्यांचा धंदा. कुटुंब युनिटेरियन पंथाचं, म्हणजे राजमान्य चर्चच्या बाहेरचं. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो वडिलांच्या धंद्यात बसला.

अठराव्या वर्षी, १८५४ मध्ये, वडिलांनी त्याला बर्मिंगहॅमला धाडलं. तिथे त्याचे नातलग जॉन सटन नेटलफोल्ड लाकडाचे स्क्रू बनवत. तोपर्यंतचा स्क्रू टोकाला बोथट असायचा. सुताराला आधी सामत्याने लाकडात भोक पाडावं लागे, मगच स्क्रू आत शिरे. अमेरिकेत निघालेल्या नव्या यंत्रावर मात्र अणकुचीदार टोकाचा स्क्रू तयार होई, तो स्वतःच लाकडात वाट काढत जाई. नेटलफोल्डने त्या यंत्राचे इंग्लंडपुरते हक्क ३०,००० पौंडांना घेतले. एकट्याला न झेपणारी ती रक्कम होती, म्हणून त्यातले १०,००० चेंबरलेनच्या वडिलांनी घातले, आणि आपल्या पैशावर नजर ठेवायला मुलाला पाठवलं.

मुलगा नजर ठेवण्यापाशी थांबला नाही. यंत्रांची बाजू नेटलफोल्डकडे राहिली, खरेदी-विक्री, हिशेब आणि परदेशी बाजार हळूहळू त्याच्या हाती आला. नेटलफोल्ड अँड चेंबरलेन ही पेढी इतकी वाढली की तिच्या भरात इंग्लंडमध्ये बनणाऱ्या स्क्रूंपैकी सुमारे दोन-तृतीयांश तिचे असत. लहान कारखाने एक तर बंद पडले किंवा या पेढीने गिळले. पुढे राजकारणात आल्यावर त्यावरून त्याच्यावर टीकाही झाली. मक्तेदारी कशी उभी राहते, ती हाती असलेल्याला भाव ठरवताना किती मोकळीक मिळते आणि समोरच्या गिऱ्हाइकाला किती कमी, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. वीस वर्षं तो तेच करत होता.

गॅसच्या ठरावाकडे मी या बाजूने पाहतो. पुष्कळ चरित्रांमध्ये त्याचा व्यापार आणि त्याचं महापौरपद अशी दोन वेगळी प्रकरणं असतात. मला ते एकच प्रकरण वाटतं.

१८७४ मध्ये चेंबरलेन कुटुंबाने पेढीतला आपला वाटा ६ लाख पौंडांना विकला, त्यातले १,२०,००० जोसेफला मिळाले. अडतिसाव्या वर्षी तो धंद्यातून मोकळा झाला आणि पुन्हा कधी धंद्याकडे फिरकला नाही.

गाव आणि त्याचं कौन्सिल

१८७१ च्या शिरगणतीत बर्मिंगहॅमची वस्ती साडेतीन लाखांच्या थोडी खाली होती. पितळ, बंदुका, बटणं, निबा, दागिने, खिळे, असा हजार धंद्यांचा हा गाव. 'सिटी' हा दर्जा त्याला मिळाला तो १८८९ मध्ये, चेंबरलेनच्या काळात तो कायद्याच्या भाषेत नुसता 'टाउन' होता.

कामगारांची घरं पाठीला पाठ लावून उभी. मागच्या घराला मागचं दार नाही, खिडकी नाही, वारा आरपार जाण्याची सोयच नाही. घरांच्या मधोमध एक फरसबंद किंवा नुसतंच चिखलाचं अंगण. त्या अंगणात सगळ्यांचा मिळून एक हातपंप, आणि त्याच अंगणाच्या कोपऱ्यात सगळ्यांचे मिळून संडास. पंपाखालची विहीर आणि संडासाचा खड्डा यांच्यात काही पावलांचं अंतर. आपल्या जुन्या चाळींमध्ये सामाईक नळावर ज्यांनी रांग लावली आहे त्यांना हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही. फक्त चाळीच्या नळाला पाणी दुरून येत असे, इथे पाणी त्याच अंगणाच्या पोटातून निघत होतं.

नगरपालिका १८३८ पासून होती. पण १८५० च्या दशकात कौन्सिलवर पकड होती ती काटकसरवाल्यांची. छोटे दुकानदार आणि घरमालक यांचा तो गट, जोसेफ ऑलडे त्याचा पुढारी, आणि त्यांच्या बैठका भरत वुडमन नावाच्या दारूच्या गुत्त्यात. पट्टी वाढू द्यायची नाही, हा त्यांचा एककलमी कार्यक्रम. १८५७ मध्ये त्यांनी जुन्या, अनुभवी नगर-अभियंत्याला घरी बसवलं आणि त्याच्या हाताखालच्या माणसाला कमी पगारावर ती जागा दिली. या लोकांना मी खलनायक मानत नाही. पट्टीचा बोजा छोट्या दुकानदाराला खरोखरच जड जात होता. पण वाचवलेला पैसा शेवटी अंगणातल्या त्या पंपाशी वसूल होत होता, आणि तो मोजणारी वही कुणी ठेवली नव्हती.

वातावरण बदललं ते चर्चच्या व्यासपीठांवरून. जॉर्ज डॉसन, आर. डब्ल्यू. डेल, एच. डब्ल्यू. क्रॉस्की हे तीन धर्मोपदेशक वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगत होते: गावचा कारभार हे धर्मकार्य आहे, आणि शिकल्यासवरल्या, पैसेवाल्या माणसांनी त्याला नाक मुरडणं हे पाप आहे. १८६६ मध्ये गावच्या संदर्भ ग्रंथालयाच्या उद्घाटनाला डॉसनने म्हटलं होतं की मोठ्या राष्ट्राची आपल्या लोकांबाबत जी कर्तव्यं असतात, तीच मोठ्या गावाची आपल्या लोकांबाबत असतात. चेंबरलेन याच मंडळींत वाढला. क्रॉस्कीच्या चर्चमध्ये तो कामगारांच्या मुलांचे वर्ग घेत असे. १८६९ मध्ये तो सेंट पॉल्स वॉर्डातून निवडून आला, आणि त्याच सुमारास सर्वांना शिक्षण मिळावं म्हणून निघालेल्या राष्ट्रीय चळवळीचा तो आघाडीचा माणूस होता. त्याच्यामागोमाग इतरही मोठे कारखानदार कौन्सिलवर आले. दुसऱ्या बाजूने वॉर्डावॉर्डात लिबरल पक्षाच्या समित्या बांधल्या गेल्या, त्यांचा चिटणीस फ्रान्सिस श्नाडहॉर्स्ट हा अफाट कामाचा माणूस. ५४ विरुद्ध २ हे मतदान भाषणाने जिंकलेलं नाही, ते या समित्यांनी आधीच जिंकून ठेवलं होतं. याची दुसरी बाजू अशी की गावचं राजकारण एका पक्षाच्या मुठीत गेलं, आणि ती मूठ पुढे पुष्कळ वर्षं सुटली नाही.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. मुंबईत एकोणिसाव्या शतकापासून अधिकाराची सूत्रं आयुक्ताकडे आहेत, महापौराकडे मान असतो. बर्मिंगहॅमला आयुक्तच नव्हता. कौन्सिल आणि तिच्या समित्या हाच कारभार. महापौर दरवर्षी नोव्हेंबरमध्ये कौन्सिलने निवडायचा, पगार नाही, आणि एकट्याच्या सहीने काही करण्याची मुभा नाही. म्हणजे चेंबरलेनकडे होतं ते पटवण्याचं बळ आणि पक्षाची बांधणी, बस्स.

गॅस

त्या काळचा गॅस म्हणजे दगडी कोळसा बंद भट्टीत भाजून काढलेला वायू. जमिनीखालच्या नळांतून तो रस्त्यावरच्या दिव्यांना, कारखान्यांना, दुकानांना आणि ऐपत असलेल्यांच्या घरांना जाई. बर्मिंगहॅममध्ये दोन कंपन्या होत्या, एक १८१९ ची आणि दुसरी १८२५ ची. दोघी रस्ते खणत, दोघींचे नळ, दोघींची कार्यालयं, आणि रस्त्यावरच्या दिव्यांसाठी दोघींची मोठी गिऱ्हाईक होती खुद्द नगरपालिका.

चेंबरलेनने सभेपुढे मांडलेली तत्त्वं दोन होती. पहिलं, राज्याने दिलेल्या परवानगीवर चालणाऱ्या मक्तेदाऱ्या लोकांच्या प्रतिनिधींच्या ताब्यात असाव्यात, खाजगी नफेखोरांच्या नव्हे. दुसरं, कौन्सिलची सत्ता आणि जबाबदारी वाढली पाहिजे, म्हणजे लायक माणसं तिच्यात यायला तयार होतील. दुसरं तत्त्व मला जास्त खोल वाटतं. क्षुल्लक सभेवर क्षुल्लक माणसंच येणार. मोठं काम समोर ठेवलं तरच मोठी माणसं येतील, हे त्याने स्वतःच्या कारखान्यात पाहिलं असणार.

त्याखाली व्यापाऱ्याचं गणित होतंच. गॅस कंपनीच्या भागधारकाला कायद्याने जास्तीत जास्त दहा टक्क्यांपर्यंत लाभांश घेता येई, आणि त्याला त्याची सवय होती. नगरपालिकेला मात्र सबंध गावाच्या घरपट्टीच्या हमीवर चार टक्क्यांच्या आसपास कर्ज उभारता येत होतं. धंदा तोच, भट्ट्या त्याच, गिऱ्हाईक तेच, फक्त भांडवलाचा भाव उतरतो. मधली तफावत गावाची. शिवाय दोन कंपन्यांची दुहेरी खोदाई आणि दुहेरी कार्यालयं वाचणार ती वेगळीच. कर्जाच्या आकड्याला तो घाबरला नाही याचं कारण हे. खायला घेतलेलं कर्ज आणि यंत्र घ्यायला घेतलेलं कर्ज यांतला फरक त्याला तीस हजार पौंडांच्या स्क्रूच्या यंत्राने तरुणपणीच दाखवला होता.

विरोध झाला. पट्टी वाढेल म्हणून करदाते धास्तावले. गॅसचे नळ गावच्या हद्दीबाहेरही गेलेले होते, त्या आसपासच्या गावांना बर्मिंगहॅमच्या हातात आपले दिवे नको होते. कंपन्यांच्या भागधारकांना भरपूर मोबदला देऊन गप्प करण्यात आलं, कमी देऊन नव्हे. त्यावरही नावं ठेवली गेली. माझ्या मते ते शहाणपण होतं. घासाघीस करत बसला असता तर प्रकरण पार्लमेंटच्या समितीत वर्षानुवर्षं कुजलं असतं. तसं झालं नाही, १८७५ च्या उन्हाळ्यात कायदा मंजूर झाला.

पहिल्याच वर्षी गॅस खात्याने सुमारे ३४,००० पौंड नफा दाखवला, अंदाजाच्या दुपटीहून जास्त. पुढच्या काही वर्षांत गॅसचा भावही उतरवला गेला.

त्या नफ्याचं काय झालं याची एक निशाणी आजही जागेवर आहे. गावाला चित्रसंग्रहालय हवं होतं, पण ग्रंथालयं आणि संग्रहालयं यांसाठी पट्टीतून किती पैसा उचलायचा यावर कायद्याची मर्यादा होती. गॅस समितीला मात्र स्वतःच्या कार्यालयासाठी इमारत बांधण्याची मोकळीक होती. तिने ती कौन्सिल हाउसला लागून बांधली: खाली गॅस खातं, वर चित्रं. टँगी बंधू या कारखानदारांनी चित्रखरेदीसाठी १०,००० पौंड दिले. १८८५ मध्ये संग्रहालय उघडलं. तिथल्या दगडावर कोरलेलं वाक्य आहे: उद्योगाच्या मिळकतीतून आम्ही कलेला उत्तेजन देतो. बिल भरायला आलेला माणूस ज्या दालनात यायचा, ते आज संग्रहालयाचाच भाग आहे आणि त्याचं नाव अजूनही 'गॅस हॉल' आहे.

पाणी

याच धामधुमीत, फेब्रुवारी १८७५ मध्ये, त्याची पत्नी फ्लॉरेन्स बाळंतपणात गेली, मूलही गेलं. पहिली बायको हॅरिएट १८६३ मध्ये अशीच, ऑस्टिनच्या जन्मानंतर गेली होती. फ्लॉरेन्स तिची चुलतबहीण. घरात सहा मुलं, त्यांतला नेव्हिल सहा वर्षांचाही नव्हता. गावातली सगळ्यांत कर्तबगार माणसं, सगळ्यांत चांगले डॉक्टर हाताशी असलेलं घर, आणि तरीही दोन्ही वेळा तेच. चरित्रकार सांगतात की तो यानंतर कोरडा झाला, देवावरचा विश्वास उडाला. मला त्यावर फार बोलायचं नाही. मी फक्त तारखा शेजारी-शेजारी ठेवतो: त्या वर्षाच्या फेब्रुवारीत हे घडलं, आणि त्याच वर्षी गॅस, पाणी आणि वस्तीसुधार ही तीनही कामं पार पडली.

पाण्याची कंपनी १८२६ पासूनची. पण जवळजवळ दीड लाख लोक अजून विहिरींवरच होते, आणि त्या विहिरींची अवस्था वर सांगितलीच आहे. नगरपालिकेचे आरोग्य अधिकारी डॉ. आल्फ्रेड हिल यांनी तपासलेल्या विहिरींचं पाणी मोठ्या प्रमाणावर दूषित निघालं. पण विहिरी बुजवायच्या तर लोकांना नळाचं पाणी द्यायला हवं, आणि नळ कंपनीच्या मालकीचा. कंपनीला गरिबाच्या अंगणापर्यंत नळ नेण्यात फायदा नाही. गाठ तिथे होती.

पार्लमेंटच्या समितीपुढे चेंबरलेनने सांगितलं की जगण्या-मरण्याची सत्ता पैसा मिळवण्यासाठी स्थापन झालेल्या कंपनीच्या हाती राहू नये. १३,५०,००० पौंडांना कंपनी घेतली गेली, आणि १ जानेवारी १८७६ पासून पाणी गावाचं झालं.

सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट इथे आहे. गॅसमधून नफा काढायचा आणि तो गावाच्या कामी लावायचा. पाण्यातून नफा काढायचाच नाही. जे उरेल ते पाण्याचा भाव उतरवण्यासाठी. एकाच माणसाने, जवळपास एकाच वेळी, दोन मक्तेदाऱ्या घेतल्या आणि दोघींना उलटे नियम लावले. गॅस ज्याला परवडतो तो घेतो, त्याच्या खिशातून गावासाठी थोडं काढलं तर अन्याय होत नाही. पाण्यावाचून कुणाचंच चालत नाही. त्यावर नफा लावणं म्हणजे गरिबावर डोईपट्टी बसवणं. नगरपालिका धंद्यासारखी चालवा असं आज सहज म्हटलं जातं. वीस वर्षं धंदा केलेल्या या माणसाने आधी ठरवलं ते कशाचा धंदा करायचा नाही हे.

वेल्सच्या डोंगरांतल्या एलान खोऱ्यातून ७३ मैलांवरून उताराने पाणी आणणारी योजना १९०४ मध्ये पुरी झाली. तिचा पायाही नगरपालिकेच्या हाती पाणी आल्याचाच.

रस्ता

१८७५ च्या कायद्याने नगरपालिकांना अनारोग्य वस्त्या सक्तीने संपादन करून पाडण्याचा अधिकार दिला. चेंबरलेनने लगेच मध्यवस्तीतला सुमारे ९३ एकरांचा भाग रेखला. त्यात सेंट मेरीज वॉर्डाच्या सगळ्यांत वाईट गल्ल्या होत्या. न्यू स्ट्रीटपासून ॲस्टन रोडपर्यंत, पॅरिसच्या रस्त्यांसारखा रुंद रस्ता काढायची कल्पना होती. भाव चढण्याआधी जागा घेता याव्यात म्हणून काही श्रीमंतांनी पैसा जमवला, त्यात त्याचे स्वतःचे १०,००० पौंड. जमीन विकायची नाही, ७५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायची, म्हणजे मुदत संपल्यावर इमारतींसकट सगळं गावाकडे येईल, अशी आखणी. नातवंडांच्या पिढीच्या हिशेबाने विचार करणारा महापौर मला दुसरा फारसा माहीत नाही.

१८७८ मध्ये पाडापाडी सुरू झाली आणि कॉर्पोरेशन स्ट्रीट उभा राहिला. दुकानं आली, पुढे व्हिक्टोरिया लॉ कोर्ट्स ही तांबड्या मातीच्या नक्षीची न्यायालयाची इमारत आली, तिची कोनशिला १८८७ मध्ये स्वतः राणीने बसवली. मंदीमुळे भाडेपट्टे हळूहळू उठले, काही वर्षं योजना तोट्यात गेली. तो तोटा भरून निघाला.

भरून निघाली नाहीत ती घरं. कायदा कामगारांच्या घरांसाठी होता. तिथल्या हजारो माणसांना उठवल्यानंतर नगरपालिकेने स्वतः बांधलेली पहिली घरं उभी राहिली ती १८९० मध्ये, रायडर स्ट्रीटवर, २२. पुढच्या वर्षी लॉरेन्स स्ट्रीटवर ८१. मिळून १०३. बाकीच्यांनी चंबूगबाळं उचललं आणि ते शेजारच्या, तितक्याच दाटीच्या वस्त्यांत घुसले. सुधारलेल्या गल्ल्यांमधला मृत्युदर हजारी ५३ वरून २१ वर आला असं चेंबरलेन पुढे अभिमानाने सांगत असे. आकडा खोटा नाही. पण त्या गल्ल्यांमध्ये आता राहत कोण होतं? मरणारे तिथून निघून गेले होते. ते कुठे जाऊन मेले, हे त्या आकड्यात येत नाही. एका सुधारकाच्या हातून झालेली ही मोठी चूक आहे, आणि त्याच्याविषयी मनात आदर असल्यामुळेच ती मला टोचते.

१८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, जमीन भाडेपट्ट्याने द्यायची, ही पद्धत याच इंग्रजी कायद्यांच्या घराण्यातली. सँडहर्स्ट रोडसारखे रस्ते झाले. उठवलेल्या लोकांचं काय, हा प्रश्न रस्त्यांबरोबरच आला.

चेंबरलेनची एक आवडती उपमा होती. नगरपालिका म्हणजे एक भागीदारीतली कंपनी, गावातला प्रत्येक नागरिक तिचा भागधारक, आणि लाभांश मिळतो तो आरोग्याच्या, सोयींच्या, सुखाच्या रूपात. उपमा सुंदर आहे आणि व्यापाऱ्यालाच सुचेल अशी आहे. गॅसमध्ये ती खरी ठरली, पाण्यात त्याहून खरी ठरली. रस्त्याच्या कामात तिचा कस लागला, कारण भागधारक म्हणून समोर होता तो पट्टी भरणारा, मत असणारा, दुकानाची जागा भाड्याने घेऊ शकणारा माणूस. अंगणातल्या एका खोलीत आठवड्याच्या भाड्याने राहणाऱ्या बाईचं नाव त्या नोंदवहीत नव्हतं.

नंतर

जून १८७६ मध्ये तो पार्लमेंटवर गेला आणि महापौरपद सोडलं. त्याच महिन्यात जेसी कॉलिंग्ज या मित्राला त्याने लिहिलं की तीन वर्षांच्या कामातून गावाला बागा, फरसबंदी, बाजार, गॅस, पाणी आणि सुधारणा हे सगळं मिळतंय. त्या पत्रात थकवा आहे आणि समाधानही. पुढे मंत्रिपदं आली. १८८६ मध्ये आयर्लंडच्या स्वराज्याला विरोध करत त्याने स्वतःचा पक्ष फोडला. १८९५ पासून तो वसाहतींचा मंत्री, बोअर युद्धाच्या वेळीही तोच. १९०० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठ उभं राहिलं ते बरंचसं त्याच्या रेट्याने. १९०६ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि २ जुलै १९१४ ला, महायुद्धाच्या महिनाभर आधी, तो गेला. ऑस्टिन पुढे भारतमंत्री झाला, आणि नेव्हिल १९१५ मध्ये बापाच्याच खुर्चीवर बसला आणि १९१६ मध्ये त्याने गावासाठी नगरपालिकेची बँक काढली.

वसाहतमंत्री असतानाचा एकच प्रसंग सांगतो. १९०२ च्या अखेरीस चेंबरलेन दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेला. त्याच्यापुढे तिथल्या हिंदी लोकांची गाऱ्हाणी मांडायला गांधीजींना मुंबईहून बोलावून घेण्यात आलं. मुंबईत त्यांनी नुकतीच वकिली मांडली होती, ती सोडून ते निघाले. दरबानला नाताळ या वसाहतीतल्या हिंदी लोकांचं शिष्टमंडळ घेऊन ते चेंबरलेनला भेटले. तो परवाना, हा कर, सगळं त्या अर्जात होतं. चेंबरलेनने थंडपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की स्वतःचा कारभार स्वतः पाहणाऱ्या वसाहतींवर साम्राज्य सरकारचा ताबा फारसा चालत नाही. तुम्हाला ज्या गोऱ्या लोकांत राहायचं आहे त्यांच्याशीच जमवून घ्या.

ज्या माणसाने अठ्ठावीस वर्षांपूर्वी कंपन्यांचा ताबा गावाने घेतलाच पाहिजे म्हणून ५४ मतं उभी केली होती, त्याचं हे उत्तर. प्रिटोरियाला दुसरं शिष्टमंडळ भेटणार होतं, त्याचाही अर्ज गांधीजींनीच लिहिला होता. तिथल्या अधिकाऱ्यांनी त्यांना आत येऊ दिलं नाही, शिष्टमंडळ त्यांच्याशिवाय गेलं. गांधीजी मुंबईला परतले नाहीत. त्यांनी जोहान्सबर्गला कार्यालय थाटलं.